कयाक, समुद्र आणि आपली भीति

गेल्या दिवाळींत माझ्या धाकट्या बहिणीनें मला एक प्रश्न विचारला. तिचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. मामा हिंवाळ्यांत कोंकणच्या किनाऱ्यावर कयाक घेऊन समुद्रांत जातो, हें त्याला लहानपणापासून ठाऊक. आणि यंदां आपणहि मामाबरोबर जाणार असें त्यानें घरांत जाहीर करून टाकलें होतें. फराळाची बशी माझ्यापुढें ठेवतां ठेवतां ती म्हणाली, “दादा, एवढेंच सांग. त्यांत धोका नाहीं ना?”

प्रश्न साधा होता आणि उत्तरहि साधेंच अपेक्षित होतें. “छे, कसला धोका!” असें म्हणून मीं चकली उचलली असती तर तिचें समाधान झालें असतें. “आहे” असें म्हटलें असतें तर मुलगा घरीं राहिला असता. परंतु पंधरा वर्षें हा नाद केल्यावर या दोहोंपैकीं कोणतेंहि उत्तर मला प्रामाणिकपणें देतां येईना. “विचार करून सांगतों,” असें मीं म्हटलें, तेव्हां ती चकितच झाली. ज्या गोष्टीचा विचार अजून व्हावयाचा आहे ती गोष्ट हा मनुष्य इतकीं वर्षें करीत आला तरी कसा, हा भाव तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. श्रोतेहो, आजचें माझें भाषण म्हणजे तिला द्यावयाच्या त्या उत्तराची तयारी आहे असें समजावें.

आपणांपैकीं पुष्कळांनीं कयाक पाहिली नसेल. ग्रीनलंड व उत्तर अमेरिका येथील ध्रुवीय किनाऱ्यांवरच्या लोकांनीं सील माशांच्या शिकारीसाठीं ही नौका घडविली. (सील हा मासा नव्हे, हें मला ठाऊक आहे, पण जुनी संवय सुटत नाहीं.) लांकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलें सीलचें कातडें, असें तिचें मूळ रूप. आज ती बहुधा प्लास्टिकची किंवा कांचतंतूंची असते, पण घाट तोच आहे. लांबी पांच मीटरांच्या आसपास, रुंदी जेमतेम दोन फूट, वरून सर्व झांकलेली आणि मध्यें माणूस मावेल एवढेंच भोंक. त्यांत पाय लांब करून बसावयाचें, कमरेभोवतीं घागऱ्यासारखा एक पडदा बांधून त्याची कड भोंकाच्या कांठावर घट्ट बसवावयाची, आणि दोन्ही टोकांस पातें असलेलें एकच वल्हें आळीपाळीनें दोहों बाजूंस मारावयाचें. होडींत आपण बसतों; कयाक आपण नेसतों म्हटलें तरी चालेल. ती उलटली म्हणजे माणूसहि तिच्याबरोबर उलटा होतो आणि डोकें पाण्याखालीं जातें. त्या स्थितींतून वल्ह्याचा एक फटकारा व कमरेचा एक हिसका यांच्या बळावर पुनः सरळ होण्याची एक कुलांटी आहे. ती साधावयास कोणाला आठवडा लागतो, कोणाला वर्ष. मला दोन वर्षें लागलीं.

या नौकेंत बसणाऱ्याचे डोळे पाण्यापासून एक मीटरहि उंच नसतात. मोठ्या जहाजाच्या कठड्यावरून पाहिलेला समुद्र आणि हा समुद्र यांचा एकमेकांशीं फारसा संबंध नाहीं. डोळ्यांहून उंच लाट समोर आली कीं किनारा क्षणभर दिसेनासा होतो. तेव्हां भीति वाटते का, असें मला नेहमीं विचारतात. वाटते. परंतु ती योग्य वेळीं वाटते का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो मात्र कोणी विचारीत नाहीं.

भीति ही धोक्याच्या प्रमाणांत वाढत असावी अशी आपली समजूत असते. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील डॅनिश डॉक्टरांनीं एका विकाराच्या नोंदी करून ठेवल्या आहेत. त्याला त्यांनीं ‘कयाकची घेरी’ असें नांव दिलें. पोरवयापासून कयाकमध्यें वाढलेले, वादळांतून शिकार घेऊन परतणारे कसलेले पुरुष या विकारानें पछाडले जात. आणि तो वादळांत होत नसे. समुद्र आरशासारखा स्तब्ध, सूर्य समोर, वारा मुळींच नाहीं, आणि शिकारी सील वर येण्याची वाट पाहत एकटाच निश्चल बसलेला. अशा वेळीं एकाएकीं त्याला वाटूं लागे कीं, नौका अरुंद होत चालली आहे, पाणी वर येत आहे, कमरेखालचें अंग गार पडलें आहे, आपण जरा हाललों कीं संपलों. हातांतलें वल्हें उचलवत नसे. दुसरी एखादी कयाक जवळ येऊन तिचा स्पर्श झाला, किंवा झुळूक येऊन पाण्यावर तरंग उठले, म्हणजे तो मनुष्य भानावर येई. कित्येकांनीं मात्र त्यानंतर कयाकमध्यें पुनः पाऊल ठेवलें नाहीं. आणि जेथें कयाक हेंच पोटाचें साधन, तेथें याचा अर्थ काय होतो हें सांगावयास नको. डोळ्यांना व शरीराला तोल सांवरण्याच्या कांहींच खुणा मिळत नाहींत म्हणून असें होतें, अशी उपपत्ति पुढें अभ्यासकांनीं लावली. माझें लक्ष वेधतें तें दुसरीकडेच. ज्या क्षणीं धोका सर्वांत कमी, त्या क्षणीं या शूर माणसांची भीति सर्वांत अधिक होती.

याच्या उलट प्रकार मीं स्वतः करून पाहिला आहे.

वेंगुर्ल्याच्या उत्तरेस निवतीचा किनारा आहे. तेथून समोर भर समुद्रांत खडकांचा एक पुंजका दिसतो. त्यावर दीपस्तंभ आहे, आणि खडकांतील गुहांत पाकोळ्या घरटीं करतात. त्या बाजूस निघण्यापूर्वीं तेथला वारा समजून घ्यावा लागतो. हिंवाळ्यांत रात्रीं जमीन निवते आणि पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहूं लागतो. त्याला मतलई म्हणतात. दुपारपर्यंत जमीन तापली कीं तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. सकाळीं मतलईबरोबर जावें, दुपारीं खाऱ्या वाऱ्याबरोबर यावें, हें शिडाच्या होड्यांचें पिढ्यान् पिढ्यांचें वेळापत्रक.

मतलईचा कावा असा कीं, तिच्या जोरांत समुद्र किनाऱ्यावरून अगदीं सपाट दिसतो. डोंगराचा व माडांचा आडोसा असल्यामुळें पहिला अर्धा-एक किलोमीटर पाण्यावर सुरकुती नसते. लाटा पुढें पुढें वाढत जातात, आणि किनाऱ्यावर उभें राहणाराला त्यांची फक्त पाठ दिसते. फेंस असतो तो पलीकडच्या अंगाला. शिवाय जातांना वारा पाठीशीं असतो; वल्हें हलकें वाटतें, आज आपल्या अंगांत कांहीं विशेष जोर आहे असा भास होतो.

चार वर्षांपूर्वींच्या जानेवारींत मी आणि माझा एक मित्र असे दोघे त्या किनाऱ्यावरून निघालों. त्या वर्षीं ती कुलांटी मला नुकतीच साधली होती. छातीवर नवें बिनतारी यंत्र होतें. उपग्रहावरून आपलें ठिकाण सांगणारें दुसरें एक यंत्र होतें. उत्तम लाइफ जॅकेट होतें. वाळूवर रापणीचें जाळें सारखें करीत बसलेल्या एका म्हाताऱ्यानें आमच्याकडे न पाहतांच म्हटलें, “आज वारो रवतलो.” वारा आज टिकणार, पडणार नाहीं, असा त्याचा अर्थ. मला तो अर्थ कळला होता. हें मी मुद्दाम सांगतों, कारण पुढें कोणाला सांगतांना मीं तो कळला नव्हता असें भासविलें आहे.

अर्ध्या तासानें मित्र म्हणाला, “वळूं या का?” मीं म्हटलें, “आणखी दहा मिनिटें.” दहा मिनिटांनीं त्यानें पुनः विचारलें नाहीं. माझा अनुभव अधिक, म्हणून त्यानें माझी भीड धरली. आणि तो गप्प आहे त्याअर्थीं त्याला मान्य आहे, अशी मीं सोयिस्कर समजूत करून घेतली. पाऊण तास झाल्यावर लाटांचे शेंडे पांढरे होऊं लागले तेव्हां आम्ही वळलों. पाऊण तासांत जी वाट आम्हीं हसत-बोलत कापली होती, तिला परततांना तीन तास लागले. तोंडावर सारखा तुषारांचा मारा. किनाऱ्यावरच्या एका पांढऱ्या घरावर मीं नजर ठेवली होती. तें घर पहिला तासभर जेवढें होतें तेवढेंच राहिलें. मित्राच्या खांद्यांत गोळे येऊं लागले. थांबून त्याला विसांवा द्यावा तर तेवढ्या वेळांत वारा आम्हांला पुनः मागें लोटी. छातीवरचें यंत्र हातभर अंतरावर सुद्धां नव्हतें. परंतु “आम्ही दमलों आहोंत, मदत पाठवा” हें वाक्य उच्चारण्याची मला लाज वाटली. भीति वाटली नाहीं. लाज वाटली.

आम्ही सुखरूप पोंचलों. म्हातारा जाळें आवरून निघून गेला होता. त्या रात्रीं जेवतांना मीं ही हकीकत पराक्रमाच्या थाटांत सांगितली, आणि पुढच्या महिन्यांत त्याहून अधिक वाऱ्यांत गेलों. त्या दिवसाचें खरें नुकसान म्हणाल तर हें. बुडालों असतों तर चूक कळली असती. कांहींच न झाल्यामुळें ‘आपणांस जमतें’ एवढेंच ध्यानांत राहिलें. समुद्र चुकीचा दंड प्रत्येक वेळीं वसूल करीत नाहीं, आणि न वसूल केलेला दंड म्हणजे बक्षीस, अशी आपली हिशेबाची रीत असते.

नव्या साधनांचेंहि असेंच. मोटारींत सुरक्षिततेचीं साधनें सक्तीचीं केलीं कीं चालक अधिक बेफामपणें चालवितात आणि त्या साधनांचा फायदा बराचसा खाऊन टाकतात, असें प्रतिपादन अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनीं १९७५ मध्यें केलें होतें. मोटारींपुरता तो वाद विद्वानांनीं आपसांत मिटवावा. माझ्यापुरता तो निवतीच्या किनाऱ्यावर मिटला. ती दोन यंत्रें व ती कुलांटी माझ्याजवळ नसती तर म्हाताऱ्याचें बोलणें ऐकून मी वाळूवरच थांबलों असतों. अडचणींतून सुटण्यासाठीं घेतलेलें साधन मीं अडचणींत शिरण्यासाठीं खर्च केलें. याचा अर्थ लाइफ जॅकेट घालूं नये असा कोणी काढणार नाहीं अशी आशा आहे. मी तें घराच्या ओसरीवर देखील घालीन.

ज्या वाऱ्यानें माझी फजिती केली, त्याच जातीच्या वाऱ्यानें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चार मुलांचे प्राण घेतले आहेत. भाच्याचें वय ऐकल्यापासून ती घटना माझ्या मनांतून जात नाहीं. २२ मार्च १९९३ रोजीं लाइम रीजिस येथून आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि दोन मार्गदर्शक असे अकरा जण कयाकमधून निघाले. जावयाचें होतें जवळच्याच चारमथ गांवापर्यंत, किनाऱ्या-किनाऱ्यानें, दोनेक मैल. मुलें सोळा-सतरा वर्षांचीं. वारा जमिनीकडून. शिक्षकांची कयाक आरंभींच उलटूं लागली. एक मार्गदर्शक त्यांच्यापाशीं अडकून पडला, आणि दुसऱ्यानें मुलांच्या नौका एकत्र धरवून ठेवल्या. असा नौकांचा पुंजका स्थिर असतो खरा, पण तो वाऱ्यापुढें वाहूं लागतो. पाहतां पाहतां मुलें भर समुद्रांत गेलीं. लाटांनीं एकेक नौका भरली आणि उलटली. संकटाची खूण करावयास त्यांच्याजवळ दारूचे बाण नव्हते. किनारा-रक्षकांस खबर मिळाली ती बऱ्याच उशिरानें. मार्च महिन्यांत तेथलें पाणी दहा अंशांच्या आसपास असतें. कॅनडांतील शरीरशास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट यांनीं थंड पाण्याचा एक हिशेब सांगितला आहे: श्वास आवरावयास एक मिनिट, हातपाय कामाला येतात तीं दहा मिनिटें, आणि शुद्ध हरपेपर्यंत सुमारें एक तास. त्या मुलांनीं कित्येक तास काढले. चौघें दगावलीं.

पुढें खटला झाला. तें केंद्र चालविणारी कंपनी व तिचे व्यवस्थापकीय संचालक यांना १९९४ मध्यें मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविण्यांत आलें, आणि १९९५ मध्यें मुलांना साहसी खेळ शिकविणाऱ्या केंद्रांसाठीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा केला. केंद्रांत पूर्वीं काम केलेल्या मार्गदर्शकांनीं तेथील हयगयीबद्दल आधींच लेखी इशारा दिलेला होता, हें खटल्यांत पुढें आलें. म्हणजे रापणीच्या वाळूवरचा म्हातारा तेथेंहि होता.

आतां कोणी म्हणेल, हीं अननुभवी माणसांचीं उदाहरणें झालीं. तर अनुभवी घेऊं. जिनो वॉटकिन्स हा तरुण इंग्रज १९३० ते ३१ या काळांत पूर्व ग्रीनलंडमध्यें एका मोहिमेचा नायक होता. तेथील शिकाऱ्यांपासून तो कयाक शिकला आणि त्या विद्येंत इतका निष्णात झाला कीं, त्याच्या काळच्या युरोपियनांत त्याची बरोबरी करणारे फार थोडे. १९३२ सालीं तो पुनः तेथें गेला. २० ऑगस्ट रोजीं एका हिमनदीच्या तोंडाजवळ तो एकटाच शिकारीस गेला, आणि नंतर सोबत्यांना त्याची रिकामी कयाक तेवढी तरंगतांना सांपडली. वय पंचवीस. त्याच १९३२ सालीं ऑस्कर स्पेक नांवाचा एक बेकार जर्मन घडीच्या कयाकमध्यें बसून डॅन्यूब नदींतून निघाला. तुर्कस्तान, इराणचें आखात, आपला पश्चिम किनारा, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, जावा असें करीत तो सात वर्षांनीं ऑस्ट्रेलियाच्या हद्दींत उतरला. तोपर्यंत महायुद्ध सुरू झालें होतें, म्हणून त्याला स्थानबद्ध करण्यांत आलें. या गृहस्थाला पोहतां येत नव्हतें! तेव्हां पोहणें न शिकणें हा सुरक्षिततेचा उत्तम उपाय होय, असा सिद्धांत मांडावयास हरकत नाहीं. सुटे दाखले जमवून वाटेल तें सिद्ध करतां येतें.

परंतु अँड्र्यू मॅकॉले या ऑस्ट्रेलियन गृहस्थाचा दाखला मला सहज बाजूला सारतां येत नाहीं. टास्मानियाहून न्यूझीलंडपर्यंतचा समुद्र एकट्यानें कयाकमधून ओलांडावयाचा त्याचा बेत होता. डिसेंबर २००६ मध्यें तो निघाला. रात्रींची थंडी सोसवेना, असें दिसतांच मुकाट्यानें परत फिरला. मागें घरीं पत्नी आणि लहान मुलगा होता. बेत जाहीर झालेला, सगळ्यांच्या नजरा लागलेल्या, अशा वेळीं मागें फिरणें किती जड असतें हें मी माझ्या तीन तासांवरून थोडेंसें जाणतों. तो फिरला. मग नौकेंत सुधारणा करून ११ जानेवारी २००७ रोजीं पुनः निघाला, सुमारें एक महिना भर समुद्रांत राहिला, मोठें वादळ त्यानें काढलें, आणि किनारा एका दिवसाच्या अंतरावर आला असतां ९ फेब्रुवारीला त्याचा संकटाचा संदेश आला. दुसऱ्या दिवशीं कयाक सांपडली. तो सांपडला नाहीं. परत फिरण्याची शक्ति ज्याच्यापाशीं होती तोहि गेला. म्हणून मीं बहिणीला ‘सावधपणें गेलें कीं धोका नाहीं’ हें सुद्धां सांगूं नये, असें ठरविलें.

महिन्याभरानें मीं तिला सांगितलें तें असें: धोका आहे. कांहीं आपल्या हातचा आहे, कांहीं नाहीं. आणि तो केवढा आहे हें समुद्रांत बसलेल्या माणसाच्या मनावरून कळत नाहीं. तेथें भीतीहि खोटें सांगते आणि धैर्यहि खोटें सांगतें. म्हणून कोठवर जावयाचें, किती वाजतां वळावयाचें, किती वाऱ्यांत निघावयाचेंच नाहीं, हें आदल्या रात्रीं कागदावर लिहावयाचें, तो कागद घरीं ठेवावयाचा आणि पाण्यावर त्यांत फेरफार करावयाचा नाहीं. माझ्या मतें हें उत्तर चांगलें होतें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “तुझ्या मित्रानें दुसऱ्यांदा विचारलें नाहीं म्हणालास. मग तुझ्यासमोर हा ‘नको’ म्हणूं शकेल का?”

याचें उत्तर मजजवळ नव्हतें. त्या कागदावर आणखी एक कलम तिनें घातलें: दोघांपैकीं कोणीहि ‘नको’ म्हटलें कीं जावयाचें नाहीं, आणि दुसऱ्यानें कारण विचारावयाचें नाहीं.

जानेवारींत मी आणि भाचा रात्रभर मोटार हांकून निवतीस गेलों. पहाटे कयाका वाळूवर उतरविल्या. मतलई होती, पण मर्यादेच्या आंत. कागदाप्रमाणें सर्व कांहीं ठीक होतें. पोरानें कमरेचा पडदा बांधला, पाण्याकडे बराच वेळ पाहिलें आणि मग म्हणाला, “मामा, आज नको.”

कारण माझ्या अगदीं ओठांवर आलें होतें. आलें तसें गिळलें. राग आला होता, हें मान्य करतों. दहा तासांचा प्रवास, दोन दिवसांची रजा, आणि समोर तासाभरांत मऊ पडणारा वारा. कयाका पुनः टपावर बांधल्या आणि आम्ही किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरींत जाऊन बसलों. नऊ वाजतां वारा खरोखरच पडला. समुद्र दिवसभर ताटांतल्या पाण्यासारखा होता. दुसरीकडचे दोघे जण कयाका घेऊन गेले आणि दुपारीं गाणीं म्हणत परत आले. पोरगा त्यांच्याकडे पाही आणि मग चोरून माझ्याकडे पाही. मीं गरम भज्यांची बशी त्याच्यापुढें सरकवली आणि रात्रीं मुक्काम कोठें करावयाचा तें त्याला विचारलें.